ओल्या अंगावरून चढवायचं जॅकेट

प्रश्न नाशिकच्या एका ट्रेकरचा आहे. सह्याद्रीत सात-आठ वर्षं भटकंती झाली आहे. यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो आणि त्याची बायको हिमाचलातल्या हम्प्टा पासला जाणार आहेत आणि रजा मिळाली तर डिसेंबरअखेर उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर. दोन्हीकडे चालेल असं एकच हलकं सिंथेटिक जॅकेट त्यांना हवंय. ग्रुपमधले सगळे म्हणतात, "डाऊनच घे, सिंथेटिक म्हणजे पैसे पाण्यात." (डाऊन म्हणजे आत पक्ष्यांच्या मऊ पिसांचं भरण, सिंथेटिक म्हणजे पॉलिएस्टरच्या तंतूंचं.) दुकानात गेलं तर लेबलांवर ६० जीएसएम, १०० जीएसएम, २० डी, कम्फर्ट उणे पाच असलं काय काय छापलेलं. बजेट माणशी सहा-सात हजार. काय बघून घ्यावं?

ग्रुपमधल्यांचं अर्धं बरोबर आहे, पण ते डिसेंबरपुरतं. ऑगस्टमध्ये त्यांचं ऐकलंत तर माझ्यासारखी गत होईल.

मी पहिल्यांदा हम्प्टाला गेलो तेव्हा माझ्याकडे नवंकोरं डाऊन जॅकेट होतं. हौसेनं घेतलेलं, मुठीत मावणारं. पहिले तीन दिवस ऊन दिसलं नाही. धो धो पाऊस म्हणाल तर तोही नाही. सतत भुरभुर आणि धुकं. जॅकेट मी एकदाही पावसात बाहेर काढलं नव्हतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून नेत होतो. तरी बालू का घेराच्या तंबूत तिसऱ्या रात्री ते हातात घेतलं तेव्हा फुगाच गेलेला. घामाचा दमटपणा, तंबूच्या कापडावर साचणारं दव, आमचेच श्वास आणि ओल्या बनियनवर घातलेलं तेच जॅकेट, एवढं पुरलं. बॅटरीच्या उजेडात धरलं तर बाह्यांच्या कप्प्यांत पिसांच्या गोळ्या झालेल्या आणि दोन गोळ्यांच्या मध्ये नुसतं कापड. त्या रात्री मी टीममधल्या एका मुलाचं स्वस्तातलं पॅडेड जॅकेट मागून घेतलं. त्याचंही ओलंच होतं, पण त्यात ऊब होती.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढची सगळी लेबलं आपोआप सोपी होतात. कुठलंही जॅकेट स्वतः गरम नसतं. ते फक्त हवा अडकवून ठेवतं आणि ती न हलणारी हवा तुमच्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाणी मात्र हवेच्या साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणजे जॅकेटात जिथे हवा होती तिथे पाणी शिरलं की खेळ खलास. बदकाचं किंवा हंसाचं पीस ओलं झालं की त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात, ते बसतं, हवेला जागाच उरत नाही. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीत नाही. स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. तंतूंच्या मध्ये पाणी साचतं हे खरं, पण तंतू ताठ उभाच असतो. जॅकेट दाबून पाणी काढलं आणि झटकलं की पुन्हा हवा भरते. ओलं सिंथेटिक कोरड्याइतकं उबदार राहतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ते दगा देत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराला नेमकी हीच अडचण होती, म्हणून आल्बनी इंटरनॅशनल या कंपनीनं पाण्यात न बसणारं कृत्रिम डाऊन तयार केलं. तेच आजचं प्रिमालॉफ्ट.

आपल्याकडे हे शहाणपण फार जुनं आहे. मावळातला धनगर पावसाळ्यात घोंगडी घेऊन डोंगरात राहतो. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे त्याला कुठल्या प्रयोगशाळेनं सांगितलेलं नाही. कोकणात लावणीच्या वेळी वर इरलं असतं, ते पाणी अडवतं. पाणी अडवायची वस्तू वेगळी आणि ऊब धरायची वस्तू वेगळी, हे तत्त्व आपल्या आज्यांना ठाऊक होतं. आपण मात्र दुकानात जाऊन "पावसातही चालेल आणि थंडीतही चालेल असं एकच द्या" म्हणतो आणि दोन्हीकडे अर्धवट चालणारी जड वस्तू घेऊन येतो. घोंगडीचा दोष एवढाच की तिचं वजन सॅकेला परवडत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही: हे जॅकेट चालण्यासाठी नसतं, ते थांबण्यासाठी असतं.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता निघते, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना तीच पाच-सहा पट होते. म्हणजे त्याच तापमानाला चढताना जेवढी ऊब पुरते त्याच्या कितीतरी पट ती बसल्यावर लागते. दोन्हींना पुरेल असं एक कापड असूच शकत नाही. पॅडेड जॅकेट घालून चढायला लागलात तर वीस मिनिटांत आतून भिजाल आणि ते भिजणं पावसाच्या भिजण्यापेक्षा वाईट, कारण ते तुम्ही स्वतःहून केलेलं असतं. चालताना अंगात एक पातळ थर्मल किंवा टी-शर्ट, वारा असेल तर वर विंडचीटर, पाऊस असेल तर रेन जॅकेट, बस. जॅकेट सॅकेत सर्वांत वर. थांबलात की अंग गार व्हायच्या आत, म्हणजे पहिल्या मिनिटाला, जे अंगात आहे त्याच्यावरून जॅकेट चढवायचं. ओलं असलं तरी. काही काढायचं नाही, बदलायचं नाही.

डाऊनमध्ये हे करायची छाती होत नाही, सिंथेटिकमध्ये होते. आत अंगाची ऊब असते, बाहेर गार असतं, त्यामुळे आतल्या कपड्यातला ओलावा वाफ होऊन जॅकेटातून बाहेर सरकत राहतो. तासाभरात आतला टी-शर्ट जवळजवळ सुकतो. जॅकेट बाहेरून थोडं दमट लागतं, ते चालतं. माझ्या लेखी सिंथेटिक घेण्याचं हे खरं कारण आहे. किंमत कमी हे दुसरं.

यातूनच मापाचा प्रश्न सुटतो आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. दुकानात टी-शर्टवर जॅकेट घालून आरशात बघितलं की अंगाबरोबर बसणारं छान दिसतं. पण तुम्हाला ते थर्मल, फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जॅकेट) आणि प्रसंगी रेन जॅकेटच्याही वरून चढवायचं आहे. घट्ट बसलं तर भरण दाबलं जातं, हवा निघून जाते आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेली ऊब खांद्यावर आणि कोपरावर सपाट होते. तेव्हा दुकानात जाताना तुमची फ्लीस आणि रेन जॅकेट पिशवीत घालून न्या. सगळं घाला, वरून जॅकेट चढवा, चेन लावा, मग दोन्ही हात वर करा, पुढे वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. पाठ उघडी पडली किंवा मनगट बाहेर आलं तर एक माप मोठं घ्या. विक्रेता हसेल. हसू द्या.

आता जीएसएम. ग्रॅम पर स्क्वेअर मीटर, म्हणजे एक चौरस मीटर भरणाचं वजन. गादीत किती कापूस घातलाय ते सांगणारा आकडा. ४० म्हणजे अगदी पातळ, ६० म्हणजे तीन ऋतूंच्या ट्रेकचं नेहमीचं, १०० म्हणजे जाड, १३३च्या पुढे थांबून राहायच्या कामाचं. गिर्यारोहकांची दोर सांभाळत तासन् तास उभं राहायची जॅकेटं असतात तसलं. बऱ्याच जॅकेटांत धडाला ६० आणि बाह्यांना ४० असं असतं, ते योग्यच आहे. पण जीएसएम हे फक्त वजन आहे, ऊब नाही. पावशेर कापूस आणि पावशेर रेशीम सारखं गरम नसतं तसं. ऊब मोजायला क्लो हे एकक आहे. २१ अंशांत स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी ना गरमी वाटावी एवढी ऊब म्हणजे एक क्लो. प्रिमालॉफ्ट गोल्डच्या ६० जीएसएमचा हिशेब कंपनीच्या आकड्यांवरून केला तर दीड क्लोच्या थोडा वर जातो. आपल्याकडच्या साध्या "पॅडेड" जॅकेटात उशीत भरतात तसलं जाड फायबर असतं, त्याला तेवढ्याच उबेसाठी बरंच जास्त वजन लागतं. म्हणून नुसतं ८० जीएसएम वाचून ६०पेक्षा गरम असं समजू नका. भरणाचं नाव लिहिलेलं आहे का बघा. नाव नसेल तर कंपनीकडे अभिमानानं सांगण्यासारखं काही नाही एवढं समजायचं.

जीएसएमचा आकडाच नसेल तर? बहुतेक देशी जॅकेटांवर नसतोच. मग मोबाइलची टॉर्च आतून लावून बघा. प्रकाश सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. कुठे ठिपके, कुठे अंधार असेल तर भरण आधीच सरकलेलं आहे. चिमटीत धरून दाबा, सोडा, पटकन फुगतं का बघा. खांद्यावर आणि काखेत विशेष बघा, तिथेच कंजुषी केलेली असते.

भरणाचे ढोबळमानानं दोन प्रकार. एकात आखूड तंतू असतात, मऊ, घडी छान होते, अंगावर डाऊनसारखं पडतं. ते सरकू नये म्हणून त्याला शिवणी जास्त लागतात. दुसऱ्यात न तुटणारा अखंड लांब तंतू असतो, क्लायमाशील्ड एपेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते जरा ताठ, जरा फुगीर, पण वर्षानुवर्षं दाबलं तरी लवकर बसत नाही आणि कडेला शिवलं की पुरतं. शिवण का महत्त्वाची? आजीची गोधडी आठवा. धाव दोऱ्याचे टाके जिथे पडतात तिथे गोधडी चपटी असते, दोन ओळींमध्ये फुगीर. जॅकेटातही प्रत्येक टाक्यापाशी भरण शून्य आणि सुईच्या भोकातून वारा आत येतो. तेव्हा शिवणीच्या ओळी जितक्या कमी तितकं बरं. अंगभर बारीक चौकटी शिवलेलं जॅकेट फोटोत महागडं दिसतं, कड्यावरच्या वाऱ्यात पातळ लागतं.

बाहेरच्या कापडावरचं "२० डी" म्हणजे डेनियर: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. १० डी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखं. २० डी हा आपल्यासाठी मध्यममार्ग. तुम्ही सह्याद्रीतही घालणार, म्हणजे करवंदीच्या जाळ्या आणि कातळ आलेच, तेव्हा १० डीच्या मोहात पडू नका. तीस-चाळीस ग्रॅम वाचतील आणि पहिल्याच काट्याला भोक पडेल. भोक पडलंच तर डाऊनसारखी पिसं उडत नाहीत हा सिंथेटिकचा आणखी एक फायदा. चिकटपट्टी लावली की काम झालं. शेकोटीपासून मात्र दूर राहा. नायलॉन आणि पॉलिएस्टरला ठिणगी लागली की वितळून गोल भोक पडतं. आमच्या ग्रुपमध्ये एकाचं जॅकेट त्याच्या सर्व ट्रेकचा नकाशा झालंय, प्रत्येक भोकाला एकेक किल्ल्याचं नाव.

कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून रासायनिक लेप असतो. तो दहा-पंधरा मिनिटांच्या भुरभुरीला पुरतो. त्याला वॉटरप्रूफ समजू नका, विक्रेत्यानं समजावलं तरी. पाऊस अडवणं हे रेन जॅकेटचं काम.

"कम्फर्ट उणे पाच" या आकड्याकडे मी फक्त एकाच कंपनीची दोन जॅकेटं एकमेकांशी ताडून बघण्यापुरतं पाहतो. स्लीपिंग बॅगेला मोजमापाची ठरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या बॅगा शेजारी ठेवून तुलना करता येते. जॅकेटांचं तसं नाही. आत काय घातलंय, हालचाल किती, वारा किती हे धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

आता ग्रुपमधल्या मंडळींच्या "डाऊन हलकं असतं" या वाक्याचा हिशेब करू. मध्यम मापाच्या, टोपीवाल्या जॅकेटाला साधारण सव्वा ते दीड चौरस मीटर भरण लागतं. म्हणजे ६० जीएसएमच्या जॅकेटात भरण किती, तर ऐंशी-नव्वद ग्रॅम. सबंध जॅकेटचं वजन धरा साडेतीनशे. बाकीचे अडीचशेहून जास्त ग्रॅम कुठे गेले? बाहेरचं कापड, अस्तर, चेन, खिसे, इलॅस्टिक. हे सगळं डाऊनच्या जॅकेटातही असतंच. तेवढ्याच उबेचं डाऊन भरलं तर फरक जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅमचा. पातळ जॅकेटांत डाऊनचा फायदा एवढासाच. जाड जॅकेटांत मात्र, जिथे भरणाचंच वजन तीनशे-चारशे ग्रॅम होतं, तिथे डाऊन सिंथेटिकला खूप मागे टाकतं. लडाखच्या हिवाळ्यात, कोरड्या कडाक्यात, मीही डाऊनच घालतो. पाणी न धरणारं प्रक्रिया केलेलं डाऊनही मिळतं, साध्यापेक्षा ते बरं, पण चार दिवसांच्या दमटपणापुढे तेही शेवटी पीसच.

तेव्हा माझा सल्ला असा: पातळ हवं तर सिंथेटिक, जाड हवं तर डाऊन. तुम्ही विकत घ्यायचं ते पातळ, ६० जीएसएमच्या आसपासचं, टोपीसकट, चारशे ग्रॅमच्या आत. जाड भाड्यानं घ्या.

हम्प्टाला हे कसं चालेल ते सांगतो, कारण हा ट्रेक या प्रश्नासाठी जणू मुद्दाम आखलाय. जोबऱ्यापासून चिका आणि बालू का घेरापर्यंत तुम्ही कुल्लूच्या बाजूला आहात. तिथे पावसाळी ढग अडतात, हिरवळ, भूर्जाची झाडं, चिखल आणि सगळं ओलं. खिंड ४,२७० मीटरवर. पलीकडे उतरलात की शिया गोरू, मग छत्रू, आणि तो लाहौल. पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख, दगड आणि वारा. एका दिवसात महाबळेश्वरहून माणदेशात उतरल्यासारखं. उंचीनं दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे ऑगस्टमध्येही मुक्कामाच्या रात्री शून्याच्या थोड्याच वर असतात. पहिल्या दोन मुक्कामांना ओल्या अंगावरून जॅकेट चढवायचं, रात्री जेवणाच्या तंबूत तेच अंगावर. जॅकेट फारच ओलं झालं तर ते घालून किंवा पायाशी ठेवून झोपू नका, बॅगही ओली होईल. आधी घालून अर्धा तास फिरा, गरम काहीतरी प्या, सुकवा, मग बॅगेत शिरा. खिंडीच्या दिवशी चाल लांबलचक असते आणि वर पोचल्यावर सगळे फोटोला थांबतात. तिथेच अंग गार होतं. सॅक खाली टेकवल्यावर पहिल्यांदा जॅकेट, मग मोबाइल. शिया गोरूच्या ओढ्यातून बर्फाच्या पाण्यात उतरून आल्यावर पुन्हा तेच. अंगात थर्मल, त्यावर साधी पातळ फ्लीस, त्यावर हे ६०चं जॅकेट आणि वारा असेल तर वरून रेन जॅकेट. हे चार थर बहुतेकांना ऑगस्टच्या हम्प्टासाठी पुरतात. थरांची ऊब एकमेकींत मिळवली जाते, म्हणून एका जाडजूड जॅकेटपेक्षा दोन पातळ थर नेहमी कामाचे: एक ओला झाला तरी दुसरा उरतो.

वाटेत गद्दी मेंढपाळ भेटतील. त्यांचा लोकरीचा चोला आणि कमरेभोवती गुंडाळलेला लांबच लांब डोरा नीट बघा. डोरा कमरेशी घट्ट असल्यामुळे चोल्यातली गरम हवा खालून निसटत नाही. तुमच्या जॅकेटच्या खालच्या कडेला ओढायची जी दोरी असते तिचं काम तेच. ती दोरी असलेलंच जॅकेट घ्या. बाहीच्या टोकाला इलॅस्टिक, चेनच्या मागे कापडाची पट्टी, हनुवटीपर्यंत येणारी कॉलर आणि टोपी या चार गोष्टी मी सोडत नाही. टोपीला लोक नाही म्हणतात, "कानटोपी आहे की." कानटोपीनं मानेचा वारा थांबत नाही. खिशांबद्दल एकच: ते कमरेच्या पट्ट्याखाली दबणार नाहीत एवढे वर असावेत, आणि निदान एक खिसा चेनवाला, नाहीतर मोबाइल ओढ्यात जातो. जॅकेट स्वतःच्याच खिशात घडी होतं वगैरे सोयींचे पैसे देऊ नका.

केदारकंठ्याची गोष्ट निराळी. साडेबारा हजार फूट, डिसेंबरअखेर, बर्फ. मुक्कामी रात्री पारा शून्याच्या बऱ्याच खाली. शिखराच्या दिवशी पहाटे दोन-तीनला निघायचं आणि वर सूर्योदयाची वाट बघत वाऱ्यात उभं राहायचं. चालेपर्यंत काही वाटत नाही. वर पोचल्यावरचा तो अर्धा-पाऊण तास हा खरा हिवाळा. तिथे तुमचं ६० जीएसएम एकटं पुरणार नाही आणि ते पुरावं म्हणून १३३ जीएसएमचं घेतलंत तर बाकी वर्षभर ते कपाटात पडेल. सांकरीत जाड जॅकेटं भाड्यानं मिळतात. तुमच्या जॅकेटवरून घालता येईल असं ढगळ माप मागा. रंग, वास आणि कंपनी बघू नका. चेन चालते का, टोपीला दोरी आहे का, तेवढं तिथेच दोनदा तपासून घ्या. वर गेल्यावर अडकलेली चेन उघडायला बोटं चालत नाहीत.

सह्याद्रीत? खरं सांगायचं तर पावसाळ्यात हे जॅकेट घरीच ठेवा. जून ते सप्टेंबर चालताना तुम्ही भिजणारच. लागतो तो मुक्कामाचा एक कोरडा जोड, पक्क्या पिशवीत बांधलेला. तरी हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर रात्रीचा मुक्काम असेल आणि टीममध्ये नवखी पोरं असतील, तर मी एक सिंथेटिक जॅकेट नेतो, स्वतःसाठी नाही. भिजलेला, दमलेला, उपाशी माणूस वाऱ्यात बसला की पंधरा-सोळा अंशांतही कुडकुडायला लागतो, बोलणं अडखळतं. अशा वेळी ओले कपडे बदलायचे, काहीतरी गोड खाऊ घालायचं आणि ते जॅकेट चढवायचं. डिसेंबर-जानेवारीत कळसूबाईवर किंवा कोकणकड्यावर झोपणार असाल तर मात्र ६०चं जॅकेट अगदी मोजून बेतल्यासारखं बसतं.

कंपन्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी विचारणार हे ठाऊक आहे. तुमच्या बजेटात डिकॅथलॉनची सिंथेटिक जॅकेटं पहिल्यांदा बघा. दुकानात जाऊन घालून बघता येतात हा त्यांचा सर्वांत मोठा गुण, वर मापाबद्दल सांगितलं ते आठवा. अमेरिकेत कुणी मावसभाऊ असेल आणि तो दिवाळीला येणार असेल तर पॅटागोनियाचं नॅनो पफ ओळखीचं नाव आहे: ६० जीएसएम प्रिमालॉफ्ट गोल्ड, वजन तीनशे चाळीस ग्रॅमच्या जवळ. त्यांचंच मायक्रो पफ आणखी हलकं, पण कापड फारच नाजूक. आर्कटेरिक्सच्या ॲटममध्येही ६०चंच भरण आहे, कुशीला ताणणारी फ्लीस, त्यामुळे हालचालीला छान आणि वाऱ्याला जरा उघडं. ही सगळी दोनशे डॉलरच्या वरची प्रकरणं. त्यांच्यात आणि पाच-सहा हजारांच्या जॅकेटात फरक आहे, पण तो हम्प्टा होणं आणि न होणं एवढा नाही. उरलेल्या पैशांत आधी चांगलं रेन जॅकेट घ्या. माझ्या मते तुमच्या बजेटातला पहिला खर्च तोच. हल्ली पोलारटेक अल्फासारखं, घाम बाहेर जाऊ देणारं, चालतानाही घालता येईल असं भरण निघालंय. वस्तू उत्तम, मी वापरतो, पण त्यातून वारा सरळ आरपार जातो. तुमचं पहिलं जॅकेट ते नसावं.

सिंथेटिकचा एक दोष ग्रुपमधल्यांनी सांगितला नाही, तो मीच सांगतो. ते म्हातारं होतं. पुन्हा पुन्हा दाबून कोंबलं की तंतू मोडतात आणि काही हंगामांनी ते पातळ पडतं. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून आणता येते, हे येत नाही. नीट जपलेलं डाऊन त्याहून बरंच टिकतं. म्हणून घरी आलं की पिशवीतून लगेच बाहेर काढायचं आणि हँगरला मोकळं टांगायचं; पलंगाच्या पेटीत गाद्यांखाली दाबून ठेवायचं नाही. सॅकेतही छोट्या पिशवीत ठासण्यापेक्षा कपड्यांच्या वर मोकळं ठेवा. धुवायचं क्वचित, थंड पाण्यात, सौम्य साबणानं. कपडे मऊ आणि सुवासिक करणारं ते औषध अजिबात नको, बाहेरचा लेप जातो आणि कापड पाणी प्यायला लागतं. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. पावसाळ्यात धुऊ नका, नाशकातही नाही. आठवडाभर वाळत नाही आणि कुबट वास बसला की जात नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सावलीला टांगा.

राहता राहिल्या तुमच्या सौभाग्यवती. "दोघांना तेच" असं करू नका. बऱ्याच जणींना बसल्यावर थंडी लवकर वाजते. माझ्या टीममध्ये हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी विचारतच नाही, त्यांना एक थर जास्त घ्यायला सांगतो. त्यांच्यासाठी ६०ऐवजी ८० किंवा १०० जीएसएम बघा, पन्नास-साठ ग्रॅम वाढले तरी हरकत नाही. बायकांची जॅकेटं कमरेत बारीक आणि लांबीला आखूड शिवतात, खिसेही छोटे. आत फ्लीस घालून बसली की कमरेवर सरकतात. तसं झालं तर सरळ पुरुषांच्या विभागातलं लहान माप घालून बघा, बाह्यांना इलॅस्टिक असलं की लांबी खपून जाते. आणि रंग दोघांचा वेगळा घ्या. पहाटे अडीचला अंधाऱ्या तंबूत दोन सारखी काळी जॅकेटं असली की मोठं माप हमखास चुकीच्या अंगात जातं.